हिटर घ्यायच्या आधी भिंतीवरचा पॉइंट पाहा

नाशिक जिल्ह्यातली थंडी मुंबई-कोकणातल्या नातेवाइकांना सांगून खरी वाटत नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या अनेक हिवाळ्यांत आल्या आहेत. आमचे मालेगाव त्याच जिल्ह्यात. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि घरे मात्र उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. वर पत्रा, खाली फरशी, भिंतीत जाळी, दाराखाली बोटभर फट. मे महिन्यात ज्या फटीतून वाऱ्याची झुळूक यावी म्हणून आपण दुआ करतो, त्याच फटीतून जानेवारीत बोचरी हवा आत घुसते.

म्हणून आता रजई-स्वेटरच्या दुकानांशेजारी विजेचे हिटर रांगेने मांडलेले दिसतात. पालकसभेला आलेल्या माता-भगिनी मुलांच्या गुणांची चौकशी झाली की जाता जाता विचारतात, "कौनसा हीटर अच्छा रहेगा? घर में छोटा बच्चा है." कोणी म्हणते, "अम्मी को रात में बहुत ठंड लगती है." आम्ही उर्दू-मराठी शिकवणारी माणसे. पण प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला तेव्हा शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांशी आणि मोहल्ल्यातल्या एका जुन्या वायरमनशी बसून बोललो, हिशेब मांडला. आता कोणी विचारले की आम्ही कंपनीचे नाव सांगत नाही. उलट तीन गोष्टी विचारतो. त्या खोलीत झोपणार कोण? वर छत कसले आहे? आणि हिटर लावणार तो पॉइंट सहाचा की सोळाचा? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर नसते, आणि खरा धोका तिथेच असतो.

बंद खोलीतली शेगडी

हिटरविषयी बोलण्याआधी शेगडीविषयी बोलणे भाग आहे, कारण आपल्याकडे हिटर येतो तो शेगडीच्या जागी. बाळंतिणीची खोली आठवा. चाळीस दिवस दाराला जाड पडदा, खिडकी बंद, बाजेखाली लोणारी कोळशाची शेगडी आणि तिच्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून दिलेली धुरी. ही शेक-शेगडी महाराष्ट्रात हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत सारखीच चालत आली. दादी-नानींनी ती मायेनेच केली. पण त्यांच्या काळी घर कौलारू होते, भिंती-छपराच्या सांध्यांतून वारा खेळत होता. आज तीच शेगडी दहा बाय दहाच्या स्लॅबच्या खोलीत, स्लायडिंगची खिडकी घट्ट लावून ठेवली जाते. पद्धत जुनीच राहिली, खोली मात्र बदलली.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, पण हा वायू समोर आला की ते प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने त्याला धरून बसते. मग छाती हलत असते, श्वास चालू असतो, आणि शरीराला प्राणवायू मिळत नसतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातपाय गळतात. जागा माणूस उठून दार तरी उघडेल. झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. तान्हे बाळ मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेते, म्हणजे हा वायूही भरभर आत ओढते.

यात सर्वांत घातक समजूत अशी की, "धुआँ निकल गया, अब अंदर ले लो." अंगणात शेगडी पेटवायची, धूर संपून निखारे लाल झाले की घरात आणायची, अशी आपली रीत आहे. पण निखारे लाल होऊन धूर थांबला तरी हा वायू निघतच राहतो. उलट, धूर असता तर खोकला येऊन माणूस जागा तरी झाला असता. शेगडी संध्याकाळी ओट्यावर, उघड्या अंगणात घेऊन बसायला हरकत नाही. बंद खोलीत, आणि विशेषतः रात्री, तिला जागा नाही. झोपताना घरात विस्तव पेटता ठेवू नये, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. बाळंतिणीच्या खोलीत मात्र आपण ती विसरतो. शेगडीच्या खोलीत कोणी गुंगलेले, उलट्या करणारे आढळले, तर दारे-खिडक्या उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. या विषबाधेवर उपाय प्राणवायूचा आहे आणि तो दवाखान्यात मिळतो. लिंबूपाणी, कांदा हुंगवणे यात वेळ दवडू नये.

घरातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणतात, "कोयले की सेक में जो बात है, वो बिजली में कहाँ?" त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना हवी असते ती पाठीला-कंबरेला मिळणारी ऊब, आणि ती गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळते. विजेच्या हिटरमध्ये काहीच जळत नाही, तार फक्त तापते. त्यामुळे त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत नाही. "हिटर खोलीतला ऑक्सिजन खातो" असे सर्रास बोलले जाते, तेही खरे नाही. खोलीत चार माणसे झोपली असतील तर वरचे झरोके थोडे उघडे असावेत, पण ते माणसांसाठी, हिटरसाठी नव्हे.

घसा कोरडा पडतो हे मात्र खरे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद वाढते. दहा अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा वीस अंशांपर्यंत तापवली की आतले पाणी तेवढेच राहून आर्द्रता ४५ टक्क्यांच्याही खाली येते. ओठ फुटतात, नाक कोंडते. खोलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवले की थोडा फरक पडतो. ते भांडे हिटरच्या डोक्यावर ठेवू नये, एवढे लक्षात असावे. आम्ही तसे ठेवलेले पाहिले आहे.

एक युनिट म्हणजे एकच युनिट

दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे "यह वाला बिल कम खाता है." तेल भरलेल्या रेडिएटरसारख्या हिटरविषयी ते हमखास सांगितले जाते, आणि तो हिटर साध्या रॉडच्या हिटरपेक्षा कितीतरी महाग असतो. यातली खरी गोष्ट दहावीचा विद्यार्थी सांगू शकेल. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज जळते. तार रॉडमध्ये तापो, तेलात तापो की पंख्यापुढे तापो, त्या एका युनिटची उष्णता तेवढीच. तेलाचा हिटर हळू तापतो आणि बंद केल्यावर हळू निवतो. ब्लोअर लगेच ऊब देतो आणि बंद केला की लगेच थंड. एका युनिटमधून दोन युनिटांची उष्णता दोघेही काढू शकत नाहीत. ती किमया फक्त गरम हवाही देणाऱ्या एअर कंडिशनरला जमते, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो आणि एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. पण त्याची किंमत आणि पत्र्याचे घर यांचा मेळ बसत नाही.

तेलाच्या हिटरने बिल कमी येते असे जे वाटते, त्याचे श्रेय तेलाला नसून थर्मोस्टॅटला असते. खोली ठरलेल्या अंशापर्यंत तापली की तो वीज आपोआप तोडतो. तोच थर्मोस्टॅट दुसऱ्या हिटरमध्ये असेल तर तोही तेवढीच बचत करील.

आता बिलाचा हिशेब. हजार वॅटचा हिटर रोज चार तास चालवला तर महिन्याला १२० युनिट. दोन हजार वॅटवर चालवला तर २४०. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० चा आणखी जास्त. ज्या घरात महिन्याला ९० युनिट जळतात, तिथे हिटरचे १२० युनिट जवळजवळ सगळे दुसऱ्या टप्प्यात पडतात. २४० असतील तर काही थेट तिसऱ्यात. म्हणून "मागच्या बिलाला युनिटने भागले, दर एवढा निघाला" या हिशेबाने हिटरचा खर्च कळत नाही. हिटरचे प्रत्येक युनिट वरच्या दराचे असते.

मग एवढी वीज जाते कुठे? दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यातल्या सगळ्या हवेचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते. ती हवा दहा अंशांनी तापवायला लागणारी वीज एका युनिटच्या आठव्या भागापेक्षाही कमी आहे. म्हणजे हजार वॅटच्या हिटरचे सात-आठ मिनिटांचे काम! बाकीचे साडेतीन-पावणेचार तास हिटर जी उष्णता देतो, ती बाहेर जाणाऱ्या उष्णतेची भरपाई असते. ढोबळ हिशेबाने, आत-बाहेर दहा अंशांचा फरक असेल तर त्या खोलीच्या नुसत्या पत्र्यातून सात-आठशे वॅट उष्णता निघून जाते. गरम हवा वर जाते, आणि वर तर थंड पत्रा. पत्र्याच्या घरात हजार वॅटचा हिटर लावून "घर गरम होत नाही" म्हणणे म्हणजे बुडाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा हिटरवर पैसे घालण्याआधी थोडे छतावर घालावेत. पत्र्याखाली जिप्समचे किंवा सिमेंट शीटचे छत केले तर थंडीत ऊब टिकते आणि उन्हाळ्यातही काहिली कमी होते, म्हणजे एकाच खर्चात दोन ऋतू निभावतात. थर्मोकोलचे छत स्वस्त पडते आणि ऊबही धरते, पण ते पटकन पेट घेते, जळताना वितळून खाली टपकते आणि त्याचा धूर विषारी असतो. हिटरच्या खोलीत ते नको. भाड्याच्या घरात छताला हात लावता येत नाही. तिथे दाराखाली जुन्या गोधडीची वळकटी, जाळीला बाहेरून जाड प्लॅस्टिक, फरशीवर सतरंजी, एवढ्यानेही फरक पडतो.

आणि सगळे घर तापवायचा हट्टच सोडावा, असे आमचे मत आहे. थंडी घराला वाजत नाही, माणसाला वाजते. रबरी पिशवीतले दीड लिटर पाणी वीस अंशांवरून सत्तरपर्यंत तापवायला एका युनिटचा दहावा हिस्साही लागत नाही, आणि ती पिशवी फडक्यात गुंडाळून रजईत ठेवली की अंथरूण मध्यरात्र उलटेपर्यंत उबदार राहते. पिशवी दोन तृतीयांशच भरावी, उकळते पाणी घालू नये, तान्ह्या बाळाजवळ ठेवू नये. अंथरुणात घालायचे विजेचे ब्लँकेटही साधारण शंभर वॅटच्या आसपास असते, म्हणजे रात्रभरात एका युनिटच्या आत. ज्यांना स्वतःहून ते बंद करता येत नाही किंवा ज्यांचे अंथरूण ओले होते, त्यांना मात्र ते देऊ नये.

सहा आणि सोळा

आता आम्हाला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट.

घरातल्या भिंतीवर दोन मापांचे पॉइंट असतात. लहान तीन भोकांचा सहा अँपिअरचा आणि मोठ्या भोकांचा सोळा अँपिअरचा. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. सहाला २३० ने गुणले की १३८० वॅट येतात. सहाच्या पॉइंटची ताकद एवढीच. दोन हजार वॅटचा हिटर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. म्हणून कंपनी त्याला जाड पिन लावून देते, जेणेकरून ती लहान पॉइंटमध्ये जाऊच नये. ही जाड पिन म्हणजे कंपनीने घातलेले कुलूपच आहे. आणि बाजारात साठ-सत्तर रुपयांना त्या कुलपाची बनावट किल्ली मिळते. जाड पिन लहान पॉइंटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर. दुकानदार हिटरबरोबर तो सहज पिशवीत टाकतो. पॉइंटमागे भिंतीतली वायर बारीकच असते. तिच्यातून दीडपट विजेचा प्रवाह जाऊ लागतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट, तर उष्णता सव्वादोनपट. ती भिंतीच्या आत, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली साठते. आपण समोर बसून हात शेकत असतो आणि पाठीमागे भिंत तापत असते.

एक्स्टेन्शन बोर्डाचेही तसेच. त्याच्यावर मोबाइल चालतो, टेबलफॅन चालतो, म्हणून हिटरही चालेल असे समजू नये. त्यातून वायर लांब असेल तर काही जण ती गुंडाळी करून गादीखाली सरकवतात. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. हिटरची पिन थेट भिंतीतच गेली पाहिजे, आणि त्या पॉइंटवर त्या वेळी इस्त्री किंवा गिझर नको.

वायरमन काका म्हणाले की त्यांनी पाहिलेल्या जळलेल्या पॉइंटांत वायर तुटलेली क्वचितच असते. बहुतेकदा स्क्रू सैल झालेला असतो किंवा पॉइंटची पितळी पट्टी ढिली पडून पिन हलत असते. ढिल्या जोडाला ठिणग्या उडतात, पट्टी काळी पडते, मग ती आणखी तापते. त्यांची तपासणी अगदी सोपी आहे. हिटर वीस मिनिटे चालवा, बटण बंद करा, पिन काढून तिला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल, पॉइंट पिवळा-तपकिरी झाला असेल किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर तो पॉइंट दुरुस्त होईपर्यंत हिटर बंद.

जुन्या घरात सोळाचा पॉइंट झोपायच्या खोलीत नसतोच. असला तर स्वयंपाकघरात, नाहीतर न्हाणीघराबाहेर. अशा वेळी दोनच रस्ते आहेत. मीटरपासून जाड वायर ओढून नवा पॉइंट करून घ्यायचा, किंवा हिटरच लहान घ्यायचा. दोन काचेच्या नळ्यांचा ८०० वॅटचा हिटर साडेतीन अँपिअरच ओढतो; तो सहाच्या पॉइंटवर चालतो. "हजारवरच चालवू" म्हणून दोन हजारांचा आणून कन्व्हर्टर लावला, तर एखाद्या गारठ्याच्या रात्री कोणीतरी बटण दोनवर फिरवणारच. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाला न विचारता भिंत फोडू नये, आणि मालकांनीही भाडेकरूने सोळाचा पॉइंट मागितला की त्याला चैन समजू नये. आग लागली तर ती मालकाच्याच भिंतीला लागणार आहे.

खरेदी करताना आयएसआय मार्क पाहावा आणि त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकून तपासावा. हिटर कलंडला की आपोआप बंद व्हावा, पिन तीन पायांची असावी. मातीच्या ताटलीत उघडी तार बसवलेला हिटर, ज्यावर काही घरांत चहाही उकळतो, तो मात्र घरातून काढावाच. त्या तारेत उघडी वीज असते. तिला स्टीलचे भांडे किंवा सांडशी टेकली तर धक्का थेट हाताला. अशा धक्क्यापासून साधा एमसीबी वाचवत नाही, तो वायरीचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करणारे उपकरण म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो मीटरजवळ एकदाच बसवायचा असतो आणि पुढे गिझर, धुण्याचे मशीन, बादलीतला रॉड, सगळ्यांच्या कामी येतो.

ब्राँक्सची इमारत

कोणी म्हणेल, एवढ्याशा हिटरने काय होते? ९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट या १९ मजली इमारतीत आग लागली. तिथे पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातून आलेली अनेक मुसलमान कुटुंबे राहत होती. झोपायच्या खोलीतला विजेचा हिटर बराच काळ अखंड चालू होता, आणि आग त्याच्यापासून सुरू झाली असे अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितले. १७ माणसे गेली, त्यांत आठ मुले. एका आठवड्यानंतर तिथल्या इस्लामिक सेंटरमध्ये पंधरा जणांचे जनाजे एकत्र निघाले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की आग त्या एका घराबाहेर फारशी पसरलीच नव्हती. माणसे गेली ती धुराने. घर सोडून धावताना त्या घराचा दरवाजा उघडा राहिला. तो आपोआप बंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. वरच्या एका मजल्यावरही जिन्याचे दार उघडे होते, आणि जिना धुराने भरून गेला. लोक त्याच जिन्याने खाली धावत होते.

आमच्या गल्लीतल्या तीन मजली घरांना एकच अरुंद जिना असतो आणि गच्चीच्या दाराला रात्री कुलूप. म्हणून घरातल्या प्रत्येकाला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. गच्चीची किल्ली कुठे टांगली आहे; आणि आगीच्या खोलीतून सगळे बाहेर पडले की तिचे दार मागे ओढून घ्यायचे. हिटरने पेट घेतला तर आधी मीटरजवळचा मेन स्विच पाडायचा. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही.

आग टाळण्याचा नियम मात्र एकाच मापाचा आहे. हिटरच्या चारी बाजूंनी तीन फूट मोकळे. गादी, रजई, पडदा, जानमाज, लटकती ओढणी, काहीही त्या तीन फुटांत नको. लहान खोलीत हे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. जमिनीवर अंथरुणे लागली की तीन फूट उरतच नाहीत. तिथे रीत बदलावी. झोपण्याआधी तासभर हिटर चालवावा, मग बंद करून, पिन काढून, उचलून ठेवावा आणि त्याच्या जागी अंथरूण घालावे. ओले कपडे हिटरवर वाळत घालण्याची सवय तर सोडावीच. तान्ह्याचे लंगोट वाळेनात ही अडचण खरी आहे. पण ते दोरीवर, तीन फुटांपलीकडेही वाळतात, थोडा वेळ लागतो इतकेच.

ज्यांच्यासाठी हिटर घ्यायचा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशातल्या घरांसाठी आतले तापमान किमान १८ अंश असावे असे सांगितले, आणि म्हातारी माणसे व मुले असतील तर त्याहून थोडे अधिक. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. उबदार रजईतून उठून फजरच्या वुझूसाठी गार मोरीत जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ती पहाटेची वेळ नाजूक असते. हिटर रात्रभर चालवण्यापेक्षा घरातल्या कोणी फजरच्या अर्धा तास आधी उठून तो लावावा, पाणी कोमट करून द्यावे, वुझूनंतर पाय कोरडे करायला टॉवेल जवळ ठेवावा.

मधुमेह असलेल्यांची एक वेगळी काळजी. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायांची संवेदना कमी झालेली असते. त्यांना हिटर जवळ आहे की दूर हे पायाला कळतच नाही. गार वाटते म्हणून पाय पुढे सरकवत नेतात आणि भाजल्याचे दुसऱ्या दिवशी फोड पाहून समजते. अशी जखम भरायला महिने लागतात. त्यांच्यासाठी हिटरचे अंतर दुसऱ्याने ठरवावे, आणि पायांत लोकरी मोजे असावेत. रोज तासन्‌तास रॉडच्या समोर बसणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर कधी कधी जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उठतात. काश्मीरमध्ये फिरनखाली कांगडी घेणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर तसेच डाग पडतात, आणि तिथे वर्षानुवर्षांच्या शेकाने त्वचेचा कर्करोग झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. डाग दिसू लागले की हिटर लांब सरकवावा.

बाळाचे उलटे असते. त्याला थंडी लागेल या भीतीने आपण त्याला भाजून काढतो. टोपी, मोजे, तीन दुपटी, वर रजई आणि समोर ब्लोअर! बाळाला घाम आला, मान ओली लागली, चेहरा लाल झाला, तर ते तापले आहे. नुसते हात-पाय गार लागले एवढ्यावरून अंदाज बांधू नये. पोट आणि छाती हाताने पाहावी. ब्लोअरचा झोत कधीही बाळाच्या अंगावर नको. नवजात बाळासाठी खोली २५ अंशांच्या आसपास पुरे, आणि भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. अशक्त, कमी वजनाच्या बाळासाठी तर सर्वांत खात्रीचा उपाय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस, काचपेट्या कमी पडत होत्या तेव्हा, बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही परिचारिका तेच शिकवतात. आई थकली असेल तर दादी, नानी, अब्बाही बाळाला असे छातीशी घेऊ शकतात, वरून शाल पांघरून. बाळाचे डोके वर, चेहरा एका बाजूला आणि नाक-तोंड मोकळे ठेवून. मात्र छातीशी घेणाऱ्याने जागे राहावे.

थंडी सरली की हिटर माळ्यावर जातो. तेव्हा पिन काढून तो पूर्ण निवू द्यावा, कोरड्या ब्रशने जाळीतली धूळ झाडावी, वायर हिटरभोवती आवळून न गुंडाळता सैल वेटोळे करून ठेवावी आणि पिशवी चढवावी. पुढच्या दिवाळीनंतर तो खाली काढाल तेव्हा वायरीला उंदराने कुरतडले नाही ना हे आधी पाहा. पहिल्यांदा लावाल तो भर दुपारी, खिडकी उघडी ठेवून लावा. राहिलेली धूळ जळून थोडा वास येईल, तो दहा मिनिटांत जातो. नाही गेला, तर वायरमनला बोलवा.